निश्चितीचा आस्वाद : ‘डेक्स्टर’ या मालिकेतील खुनी नायक आणि प्रेक्षक

प्रास्ताविक

दुष्ट पात्रांचे आकर्षण हा साहित्यविचारातील जुना विषय आहे. शकुनी, इयागो, मॅक्बेथ अशी पात्रे वाचकाच्या मनात दीर्घकाळ रेंगाळतात, हे आपण जाणतो. परंतु या पात्रांपासून वाचकाला काही अंतरावर उभे राहण्याची सोय लेखकाने करून ठेवलेली असते. मॅक्बेथच्या मनात आपण शिरतो, तरी त्याचा अंत व्हावा हेही आपल्याला मान्य असते. दुष्ट मनुष्य विपत्तीतून उत्कर्षाकडे जातो असे कथानक शोकात्मिकेच्या प्रकृतीला सर्वांत प्रतिकूल होय, असे ॲरिस्टॉटलनेही ‘पोएटिक्स’मध्ये म्हटले आहे. त्यामुळे असे कथानक केवळ सहन करण्यापुरते नव्हे, तर वर्षानुवर्षे आवडीने पाहिले जाते तेव्हा समीक्षेपुढे प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेतील ‘शोटाइम’ या वाहिनीवर २००६ ते २०१३ या काळात प्रसारित झालेली ‘डेक्स्टर’ ही मालिका असा प्रश्न उभा करते. तिचा नायक सीरियल किलर आहे. तो माणसे मारतो, त्यांच्या देहाचे तुकडे करून समुद्रात टाकतो, आणि तो पकडला जाऊ नये असे प्रेक्षकाला मनापासून वाटत राहते. पदव्युत्तर वर्गात भयानक आणि बीभत्स या रसांची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेला विचारले होते, “मॅडम, ‘डेक्स्टर’ पाहताना त्याच्या मागावर असलेल्या पोलिसांचाच राग येतो, त्याचा येत नाही. हे कोणत्या रसात बसवायचे?” त्या दिवशी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाकडे पुन्हा वळण्याचा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखिकेनेही ही मालिका आवडीने पाहिली आहे, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून येथे मालिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. आपल्याला मिळणारा आनंद नेमका कशाचा आहे, एवढेच तपासावयाचे आहे.

मालिकेचे स्वरूप

जेफ लिंडसे यांची ‘डार्कली ड्रीमिंग डेक्स्टर’ ही कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे जेम्स मॅनोस यांनी दूरचित्रवाणीसाठी मालिका विकसित केली. १ ऑक्टोबर २००६ रोजी पहिला भाग प्रसारित झाला, आणि २२ सप्टेंबर २०१३ रोजी आठ पर्वे व ९६ भाग पूर्ण करून ती संपली. नायक डेक्स्टर मॉर्गन मायामी शहराच्या पोलीस खात्यात रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ म्हणून काम करतो. रक्त भिंतीवर कसे उडाले यावरून वार कसा झाला हे सांगणे हा त्याचा व्यवसाय. मायकेल सी. हॉल या अभिनेत्याने ही भूमिका केली. डेक्स्टरची मानलेली बहीण डेब्रा त्याच खात्यात अधिकारी आहे. वडील हॅरी हेही पोलीस अधिकारी होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी डेक्स्टरने आपल्या आईची निर्घृण हत्या डोळ्यांदेखत पाहिली आणि तो तिच्या रक्तात बसून राहिला. तेथून हॅरीने त्याला उचलून घरी आणले व दत्तक घेतले.

खुनी माणसाच्याच तोंडून गोष्ट सांगण्याची ही पद्धत अमेरिकन साहित्यात पूर्वीपासून आहे. जिम टॉम्प्सन यांच्या ‘द किलर इनसाइड मी’ (१९५२) या कादंबरीत निवेदन करणारा खुनी स्वतः कायद्याचा रखवालदार आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ (१९५५) मध्ये खुनी नायक शिक्षेवाचून सुटतो. परंतु कादंबरी काही दिवसांत वाचून संपते. मालिकेतील नायक मात्र वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या पाहुण्यासारखा होतो. त्याची न्याहारी, त्याची मुले, त्याची बोट आपल्या परिचयाची होते. नवव्या-दहाव्या भागानंतर तो ‘खुनी’ राहत नाही, ‘आपला डेक्स्टर’ होतो.

मालिकेची शीर्षकदृश्ये या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. डेक्स्टर हातावर बसलेला डास मारतो, दाढी करताना रक्ताचा थेंब पडतो, अंडे तळले जाते, लाल गराचे संत्रे पिळले जाते, बुटांची नाडी आवळली जाते. एकाही दृश्यात गुन्हा नाही; आहे ती केवळ एका माणसाची सकाळ. मात्र कॅमेरा इतका जवळ नेला आहे की प्रत्येक कृती हिंस्र भासते. २००७ साली या शीर्षकदृश्यांना एमी पुरस्कार मिळाला. त्यांतून मालिका प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटात सांगते की, हा माणूस तुमच्यासारखाच सकाळी उठतो. समानतेचा हा धागा पुढील साऱ्या आस्वादाचा पाया आहे.

हॅरीची संहिता

दत्तक मुलाच्या मनात हत्येची अनिवार ओढ आहे हे हॅरीच्या ध्यानात येते. ती ओढ नाहीशी होणार नाही, असे गृहीत धरून तो तिला वळण लावतो. मारायचेच असेल तर जो खुनी आहे आणि कायद्याच्या हातून निसटला आहे, त्यालाच मारावे. मारण्यापूर्वी त्याच्या अपराधाची पूर्ण खात्री करून घ्यावी. आणि स्वतः कधीही पकडले जाऊ नये. मालिकेत यास ‘हॅरीची संहिता’ म्हटले जाते.

या संहितेचे कथानकातील कार्य दुहेरी आहे. ती डेक्स्टरला जशी आवर घालते, तशी प्रेक्षकाला मोकळीक देते. पहिल्याच भागात डेक्स्टर ज्याला मारतो तो लहान मुलांचा मारेकरी आहे. पुरलेली प्रेते उकरून डेक्स्टर त्याच्यापुढे ठेवतो आणि मुलांच्या वाटेला आपण कधीही जाणार नाही, असे त्याला बजावतो. प्रेक्षकाच्या मनातील पहिला अडसर येथेच दूर होतो. चित्रपटाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी ‘एंगेजिंग कॅरेक्टर्स’ (१९९५) या ग्रंथात पात्राच्या सोबतीने चालणे आणि पात्राची नैतिक पाठराखण करणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. कथा एखाद्याच्या सोबतीने सांगितली म्हणून आपण त्याची बाजू घेतोच असे नाही. ‘डेक्स्टर’मध्ये निवेदनाचा स्वर आपल्याला सोबतीला नेतो आणि संहिता आपल्याकडून पाठराखण मिळवते. डेक्स्टरच्या भोवती त्याच्याहून अधिक क्रूर माणसे उभी केलेली असल्यामुळे तुलनेने तोच उजळ दिसतो.

तथापि संहितेतील एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. तिचा पहिला नियम पकडले न जाण्याचा आहे. अपराधाची खात्री करून घेण्याचा नियम त्यानंतर येतो. म्हणजे न्यायाच्या भाषेत सांगितली जाणारी ही संहिता मुळात आत्मरक्षणाची आहे. या क्रमाचा अर्थ मालिका पुढे स्वतःच उघड करते. दुसऱ्या पर्वात असे कळते की हॅरीचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. आपण घडवलेला मुलगा एका देहाचे तुकडे करीत असल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले, ते त्याला सोसले नाही आणि त्याने आपले आयुष्य संपवले. संहितेच्या कर्त्याला जे दृश्य एकदाही पाहवले नाही, ते आपण दर आठवड्याला पाहतो आणि पुढच्या भागाची वाट पाहतो. या तफावतीचा उलगडा करणे आवश्यक आहे.

भय कोणाचे?

या उलगड्यासाठी भारतीय रसविचार साहाय्यभूत ठरतो. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या आरंभीच्या, जीव घेऊन पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताचा रथ पाठीशी आहे, हरीण मान वळवून मागे पाहत धावत आहे. प्रेक्षकाला तेथे भयाचा जो अनुभव येतो तो देश, काल आणि व्यक्ती यांच्या मर्यादांतून मुक्त झालेला असतो. ‘मी भ्यालो’ किंवा ‘ते हरीण भ्याले’ असा भेद तेथे उरत नाही. साधारणीकरणाची ही प्रक्रिया सर्वपरिचित आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, अभिनवगुप्ताच्या उदाहरणातील भय शिकार होणाऱ्याचे आहे.

‘डेक्स्टर’मध्ये हे नाते नेमके उलटते. टेबलावर प्लास्टिकने जखडलेला मनुष्य भेदरलेला असतो, विनवण्या करीत असतो. परंतु त्याचे भय आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. भोवतालच्या भिंतींवर त्याने मारलेल्या माणसांची छायाचित्रे लावलेली असतात, आणि आपले लक्ष त्यांच्याकडे वळवले जाते. आपल्याला खरोखर धास्ती वाटते ती दाराबाहेर पाऊल वाजते तेव्हा, डेब्राचा दूरध्वनी वाजतो तेव्हा, रक्ताच्या काचपट्ट्यांची लपवलेली पेटी कोणाच्या हाती लागेल असे वाटते तेव्हा. हे भय शिकाऱ्याचे आहे. हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) मध्ये याचे बीज सापडते. नॉर्मन बेट्स मृत स्त्रीची मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता क्षणभर थांबते आणि प्रेक्षकाचाही श्वास थांबतो. ती मोटार बुडावी असे आपल्याला वाटून जाते. ‘सायको’मध्ये जो एक क्षण होता त्याचा ‘डेक्स्टर’ने आठ पर्वे विस्तार केला, असे म्हणता येईल.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वत्व विसरत नाही. एकाच वेळी आपण आणि दुसरा होण्यात साहित्याचा आनंद आहे, असा तिचा आशय सांगता येईल. या कल्पनेवर मराठीत पुष्कळ वाद झाला. तरीही खुनी नायकाच्या संदर्भात ती विशेष उपयुक्त वाटते. डेक्स्टर होऊन पाहणारा आणि डेक्स्टर नसल्याची जाणीव असणारा असे दोन प्रेक्षक आपल्यात एकाच वेळी वावरत असतात. आस्वादाची निकोपता या दुसऱ्या प्रेक्षकाच्या जागेपणावर अवलंबून आहे. तो डुलकी घेऊ लागला तर समाधी उरते, विकल्प उरत नाही. म्हणून विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे देता येईल : हा भयानकच रस आहे, परंतु त्याचा आश्रय बदललेला आहे. पोलिसांचा राग येतो, कारण त्या क्षणी भिणारे आपण आहोत आणि भीती घालणारे ते आहेत.

निश्चितीचा आस्वाद

मग आनंद कशाचा? हिंसेचा, असे सोपे उत्तर दिले जाते. २००८ मध्ये ‘सीबीएस’ या सर्वसाधारण वाहिनीने काटछाट करून ही मालिका दाखवायला घेतली तेव्हा अमेरिकेतील एका पालक संघटनेने तिला विरोध केला होता. त्याच वर्षी कॅनडातील एडमंटन येथे झालेल्या एका खुनात, २०११ मध्ये दोषी ठरलेला आरोपी या मालिकेचा चाहता असल्याचे पुढे आले, आणि अनुकरणाची चर्चा जगभर झाली. ही काळजी पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. परंतु असंख्य प्रेक्षकांनी मालिका पाहिली आणि ते दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला गेले. त्यांच्या आनंदाचे स्पष्टीकरण एका विकृताच्या कृत्यावरून करता येत नाही. शिवाय मालिकेतील प्रत्यक्ष वार बहुधा ओझरता दाखवला जातो. जो विस्ताराने दाखवला जातो तो त्याआधीचा भाग : माग काढणे, पुरावा जुळवणे, खात्री पटणे.

प्रस्तुत लेखिकेच्या मते या मालिकेचा मुख्य आस्वाद निश्चितीचा आहे. प्रत्यक्ष जगात अपराध कोणी केला हे ठरवणे कठीण असते. साक्षीदार चुकतात, कबुलीजबाब दडपणाखाली दिले जातात, पुरावे हरवतात. म्हणून तर न्यायालये, वकील, अपिले आणि संशयाचा फायदा देण्याचे तत्त्व अस्तित्वात आले. ‘डेक्स्टर’च्या जगात हा सारा त्रास नाही. लेखकाने आपल्याला अपराध्याचे कृत्य तरी दाखवलेले असते, वा त्याच्या तोंडून ते वदवून घेतलेले असते. डेक्स्टर खात्री करून घेतो असे आपण म्हणतो, परंतु ती खात्री त्याने मिळवलेली नसून कथाकाराने त्याला बहाल केलेली असते. टेबलावर आणला जाणारा मनुष्य अपराधी असणार याची तजवीज कथानकाने आधीच केलेली असते. आपण ज्याला न्याय समजून सुखावतो तो कथारचनेचा नियम असतो.

हा आनंद आपल्याला अपरिचित नाही. कायद्याला वळसा घालून दुष्टांचे पारिपत्य करणारा नायक मराठी वाचकाने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत आवडीने वाचला आहे. फरक असा की, तेथे नायकाचे शौर्य पुढे असते आणि दुष्टाचा बंदोबस्त हा त्याचा परिणाम असतो. डेक्स्टरच्या बाबतीत हत्येची ओढ आधी आहे आणि न्याय्य बळी नंतर शोधला जातो. मालिका हा क्रम लपवत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा होय. प्रेक्षकच तो विसरतो.

निश्चिती भंगते तेव्हा

मालिकेचे वाङ्मयीन मूल्य कोठे आहे, हे या दृष्टीने पाहिल्यास स्पष्ट होते. जेथे निश्चिती भंगते तेथे ती उंचीवर जाते. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण दुसऱ्या पर्वातील सार्जंट डोक्स याचे. डोक्स उर्मट आहे, तापट आहे. परंतु डेक्स्टरविषयीचा त्याचा संशय शंभर टक्के खरा आहे. समुद्रतळाशी तुकडे भरलेल्या पिशव्या सापडतात, तपास सुरू होतो आणि खुन्याचा आळ डोक्सवर येतो. डेक्स्टर त्याला एव्हरग्लेड्सच्या दलदलीतील एका झोपडीत डांबून ठेवतो. डोक्सने डेक्स्टरच्या संहितेत बसेल असे काहीही केलेले नाही. तरीही तो सुटला तर काय होईल, ही धास्ती आपल्याला वाटते. अखेर लायला ही स्त्री ती झोपडी स्फोटाने उडवते आणि डोक्स मरतो. डेक्स्टरचे हात कोरडे राहतात. त्या क्षणी प्रेक्षकाला जे वाटते त्याला ‘सुटलो’ याखेरीज दुसरा शब्द नाही. एका निरपराध आणि सत्य जाणणाऱ्या माणसाच्या मृत्यूने आपल्याला हायसे वाटले, ही नोंद प्रत्येकाने स्वतःपाशी करावयास हवी. कथाकाराने दुसऱ्याच्या हातून ते कृत्य घडवून नायकाला वाचवले, ही पळवाटही तितकीच नोंदवली पाहिजे.

दुसरे उदाहरण चौथ्या पर्वातील छायाचित्रकार जोनाथन फॅरो याचे. तो स्त्रियांशी क्रौर्याने वागतो, त्याची छायाचित्रे विकृत आहेत, सारे धागे त्याच्याकडे जातात. डेक्स्टर नेहमीप्रमाणे खात्री करतो आणि त्याला मारतो. नंतर कळते की खून त्याच्या साहाय्यकाने केले होते. येथे संहिता पाळली गेली आणि तरीही निरपराध मेला. हा प्रसंग साऱ्या मालिकेचे मर्म ठरू शकला असता. हा एक चुकला, तर याआधी किती चुकले असतील? परंतु डेक्स्टर थोडा अस्वस्थ होतो आणि कथानक पुढे सरकते. प्रेक्षकही पुढे सरकतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला इतकी थोडी जागा मिळावी, हे मालिकेच्या मर्यादेचे निदर्शक आहे.

तिसरे उदाहरण त्याच पर्वाच्या शेवटचे. आर्थर मिचेल हा तीस वर्षे खून करीत आलेला, वरकरणी धर्मशील कुटुंबप्रमुख. जॉन लिथगो यांनी केलेल्या या भूमिकेला एमी व गोल्डन ग्लोब हे दोन्ही पुरस्कार मिळाले. डेक्स्टरला त्याचा ठावठिकाणा लागलेला असतो. पोलिसांच्या हाती तो लागू नये म्हणून डेक्स्टर तपासात अडथळे आणतो, कारण त्याला मिचेल स्वतःसाठी हवा असतो. शिवाय खुनी असून संसार कसा करावा, हे त्याच्याकडून शिकायचेही असते. अखेर तो मिचेलला मारून घरी परततो तेव्हा पत्नी रीटा स्नानगृहात मृतावस्थेत पडलेली असते आणि तान्हा हॅरिसन तिच्या रक्तात बसलेला असतो. मिचेलने आपल्या मृत्यूपूर्वीच तिला मारलेले असते. डेक्स्टरच्या बालपणीचे दृश्य त्याच्या मुलाच्या वाट्याला येते. १३ डिसेंबर २००९ रोजी प्रसारित झालेला हा भाग मालिकेतील सर्वोत्तम मानावा लागेल, कारण येथे पळवाट नाही. कायद्याला त्याचे काम करू दिले असते तर रीटा वाचली असती. प्रेक्षकाने डेक्स्टरच्या विलंबाला मनोमन साथ दिलेली असते, म्हणून हा आघात त्याच्यावरही होतो. आस्वादाची किंमत येथे प्रथमच चुकती करावी लागते.

मालिकेची माघार

यानंतरच्या पर्वांत मालिका या उंचीवरून खाली आली. नायकावर सावली पडेल असे प्रसंग पुन्हा पुन्हा टाळले गेले. सातव्या पर्वाच्या शेवटी कॅप्टन लागुएर्टा डेक्स्टरचे सत्य ओळखते आणि तिला डेब्रा गोळी घालते. सत्य शोधणारा मरतो आणि गोळी दुसऱ्याच्या हातून सुटते, ही डोक्सच्या प्रसंगाचीच आवृत्ती होय. मात्र डेब्राच्या मनाची येथून जी पडझड होते, ती जेनिफर कार्पेंटर यांनी परिणामकारकपणे उभी केली आहे. सीरियल किलरवर प्रेम करण्याची शिक्षा कोणाला होते, याचे उत्तर डेब्राच्या रूपाने मिळते. आठव्या पर्वात तिचा अंत होतो. डेक्स्टर तिचा देह समुद्रार्पण करून वादळात शिरतो, आणि अखेरच्या दृश्यात ऑरेगॉनमध्ये लाकूडतोड्या म्हणून जिवंत दिसतो. हा शेवट बहुतेक प्रेक्षकांना रुचला नाही. शिक्षा झाली नाही एवढ्यापुरतीच ही नाराजी नसावी. शिक्षाही झाली नाही आणि सुटकाही झाली नाही, हे तिचे खरे कारण असावे.

‘डेक्स्टर : न्यू ब्लड’ (२०२१-२२) या दहा भागांच्या मालिकेने ही चूक सुधारली. पळून जाण्यासाठी डेक्स्टर एका निरपराध पोलिसाला ठार करतो. वडिलांची संहिता वडिलांनीच मोडली, असे दाखवून हॅरिसन त्याला गोळी घालतो. नैतिकदृष्ट्या तो योग्य शेवट होता. परंतु २०२५ मध्ये आलेल्या ‘डेक्स्टर : रेझरेक्शन’मध्ये तो त्या गोळीतूनही वाचल्याचे दाखवले गेले. प्रेक्षकाला डेक्स्टर हवा आहे, म्हणून डेक्स्टर मरू शकत नाही. जो निकाल कथेने दिला तो मागणीने फिरवला, असे म्हणणे अवाजवी ठरणार नाही.

पडद्याबाहेरील निश्चिती

मालिका अमेरिकेची असली तरी ती पाहणारा प्रेक्षक आपल्याकडेही आहे, आणि निश्चितीचा मोह पडद्यापुरता मर्यादित राहत नाही. म्हणून येथे दोन घटनांचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथील एका शाळेत लहान मुलाचा खून झाला. त्याच दिवशी बसच्या वाहकाला अटक झाली, त्याची कबुलीही लोकांसमोर आली. देशभर त्याला फाशीची मागणी होत होती. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात त्याच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपातून मुक्त केले. त्या पहिल्या आठवड्यात त्याची गाठ एखाद्या डेक्स्टरशी पडली असती, तर बहुतेकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

दुसरी घटना डिसेंबर २०१९ मधील हैदराबादची. एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील अत्याचार आणि खुनातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, आरोपींवर त्यांना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या. ते दोषी होते की नाही, हे न्यायालयात कधीच सिद्ध होऊ शकले नाही. फुले उधळणाऱ्यांना ‘डेक्स्टर’ने बिघडवले, असे येथे सुचवायचे नाही, त्यांपैकी अनेकांनी ती मालिका पाहिलीही नसेल. सांगावयाचे ते एवढेच की, ज्या भुकेला मालिका कल्पित अन्न देते ती भूक खरी आहे. न्यायाला लागणारा विलंब आणि त्यातून आलेली हताशा हे तिचे कारण आहे, आणि ती हताशा तुच्छ लेखण्याजोगी नाही. परंतु कथेत लेखक देतो ती खात्री जगात कोणीही देऊ शकत नाही. हा भेद विसरला जातो तेव्हा आस्वाद संपून अन्यायाला सुरुवात होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) ‘डेक्स्टर’चा आस्वाद हा मुख्यतः हिंसेचा आस्वाद नाही. अपराधी कोण हे निःसंशय ठाऊक असण्याचा, म्हणजेच निश्चितीचा तो आस्वाद आहे.

२) येथे भयानक रसाचा आश्रय बदलतो. शिकार होणाऱ्याऐवजी शिकाऱ्याच्या भयाशी प्रेक्षक एकरूप होतो. त्यामुळे सत्य शोधणारी पात्रे त्याला शत्रूसारखी भासतात.

३) संहिता ही नायकापेक्षा प्रेक्षकाची गरज आहे. तिच्यामुळे प्रेक्षकाचा विवेक शांत राहतो.

४) डोक्स, फॅरो आणि रीटा यांच्या प्रसंगांत ही निश्चिती भंगते. मालिका तेथे श्रेष्ठ ठरते. जेथे ती नायकाला आणि प्रेक्षकाला वाचवते तेथे उणी पडते.

अशा मालिका पाहू नयेत, असा सल्ला या लेखातून निघत नाही. सविकल्प समाधीतील विकल्प जागा ठेवून त्या पाहाव्यात, एवढेच म्हणावयाचे आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अधिक पूर्ण उत्तर असे देता येईल : पोलिसांचा राग यावा अशी ती मालिका रचलेली आहे, म्हणून तो येण्यात गैर नाही. मात्र मालिका संपल्यावर क्षणभर थांबून डोक्सची आठवण व्हावी. त्याचे म्हणणे खरे होते, आणि तो मेला तेव्हा आपल्याला बरे वाटले होते.